पडवळाचा पिंजरा

अहो, ऐकलंत का? आधी तो नळ बंद करा, किती पाणी वाहतंय! आणि या अशा इकडे, कुंपणाजवळ. मोठ्यानं नाही बोलता यायचं. सेक्रेटरीणबाई गच्चीत कपडे वाळत घालतायत, आणि त्यांचे कान तुम्हाला ठाऊकच आहेत...

पडवळानं आज सकाळी सेक्रेटरींच्या स्कूटरवर तंगडी वर केली! हो हो, उभ्यानं! तीन पायांवर तोल सांभाळून, चांगला निवांत. आणि निळ्या गेटवाल्या वहिनी गाऊनवरच रस्त्यात उभ्या राहून टाळ्या वाजवतायत. चाकावरून ओघळ चाललाय आणि ही बाई म्हणते, "शाब्बास रे माझ्या राजा!" फाटकात सेक्रेटरीणबाई. तोंड असं झालं... मी दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आले होते म्हणून दिसलं, मुद्दाम नव्हते हो गेले. त्या म्हणाल्या, "वहिनी, हे काय?" तर वहिनी म्हणतात, "पुसून देते, हवं तर पॉलिश मारून देते, पण आज त्याला रागावू नका." बाई काही न बोलता आत गेल्या. गाडी मग सेक्रेटरींनीच धुतली.

आता गणपतीत हेच कुत्रं कुठल्या अवस्थेत होतं ते तुम्हाला मी काय सांगायचं, आख्ख्या शाहूपुरीला माहीत आहे. गौरी-विसर्जनाचा ढोल वाजला, हा दचकून दिवाणावरून खाली उडी मारता झाला, रात्री जरा कण्हला, आणि सकाळी मागचं धड लुळं. पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आला नि तिथंच बसला. उंबरा ओलांडायची त्याला परवानगी नव्हतीच ना कधी! वहिनींच्या सासूबाई आतून "हडत" म्हणायला गेल्या आणि पाय बघून मटकन खाली बसल्या.

नाव त्याचं ब्रूनो, पण गल्लीनं ते कधी घेतलंच नाही. एवढी लांब पाठ आणि ते चार बोटभर पाय, पडवळ नाही तर काय म्हणणार? डॅशहाउंडची जातच तशी. वहिनींची मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि हे ध्यान आईच्या गळ्यात टाकून गेली. मग येणाराजाणारा प्रत्येक जण अर्धा अर्धा कंदी पेढा घालायचा. साताऱ्यात राहायचं आणि कुत्र्याला पेढा नाही म्हणायचं, कोणाची छाती आहे? पोट जमिनीला टेकायचं तेवढं राहिलं होतं. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ऐकवलं की या जातीच्या मणक्यांमधल्या गाद्या पहिल्या वर्षा-दीड वर्षातच वाळायला लागतात, त्यांना चुना धरतो. मग साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात एखादी फुटते आणि आतला गर वरच्या मज्जारज्जूवर जाऊन दाबतो. पाचातल्या एकाला तरी आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतोच म्हणे. त्यात वजन, त्यात दिवाणावरून उड्या.

तर काय सांगत होते... हां, डॉक्टर. तुम्ही तेव्हा कोल्हापूरला गेला होतात ना, तो सीन चुकला तुमचा. व्हरांड्यात टेबल मांडलेलं, त्यावर गोधडी, गोधडीवर पडवळ. भोवती आम्ही सगळे. डॉक्टरांनी खिशातून चिमटा काढला आणि मागच्या पायाचं बोट दाबलं. पाय झटकन वर! टाकीजवळच्या काकू ओरडल्याच, "आहे हो, जान आहे पायात!" सगळ्यांचे चेहरे असे फुलले. आणि डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "हे धरायचं नाही. पाय आपोआप ओढला जातो, मेंदूला त्याचा पत्तासुद्धा नसतो." झालं, पडले चेहरे. वहिनींनी तर पदर तोंडाला लावला.

मग त्यांनी पुन्हा दाबला, चांगला जोरात, हाडापर्यंत. दोन क्षण काही नाही. आणि मग पडवळ वळला, गुरगुरला आणि डॉक्टरांच्या मनगटाला कचकन चावला! रक्त आलं हो! आम्ही किंचाळतोय, आणि डॉक्टर हसतायत. म्हणाले, "हेच बघायचं होतं. दुखलेलं डोक्यापर्यंत पोचतंय." रेबीजची लस कुत्र्याचीही झालेली, डॉक्टरांचीही, म्हणून निभावलं. पण चावला म्हणून पाठ थोपटून घेणारं कुत्रं मी तरी पहिलंच बघितलं.

मग त्यांनी नीट समजावलं. ती आतली वेदनाच गेली असती, तर त्याच दिवशी पुणं गाठून एमआरआय आणि ऑपरेशन, आणि तरीही निम्मेच उठतात. वेदना शिल्लक असेल तर ऑपरेशननं दहातले नऊ चालायला लागतात. ऑपरेशन नको असेल तर पिंजरा आणि औषध. त्यानंही निम्म्याच्या वर बरे होतात, पण ते सगळं घरच्यांवर. पुण्याचा आकडा ऐकून वहिनींचे मिस्टर खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. शेवटी पिंजरा ठरला. डॉक्टरांनी एकच बजावलं, रोज चिमटा लावून बघायचा, आणि ज्या दिवशी हा वळून बघणार नाही त्या दिवशी रात्र म्हणायची नाही का पहाट, थेट पुणं.

दुसऱ्या दिवशी त्याला शिरवळच्या जनावरांच्या कॉलेजात नेला, आणि नेला कसा माहितीय? इस्त्रीच्या फळीवर! पाठ वाकता कामा नये ना. फळीवर आडवा, वरून ओढणीनं सैलसर बांधलेला, आणि मागच्या सीटवर वहिनी फळी मांडीवर घेऊन. खंबाटकीच्या बोगद्यात हा रडायला लागला तर मिस्टर पुढून म्हणाले, "त्याला म्हणावं मीपण घाबरतो." इतक्या वर्षांत तो माणूस विनोद करताना मी ऐकला नव्हता. एक्स-रेत मऊ गादी काही दिसत नाही, पण दोन मणक्यांतली फट आवळलेली दिसली. निदान जागा कळली.

आणि मग सुरू झालं खरं महाभारत. पिंजऱ्याचं!

अहो, चार ते सहा आठवडे! फिरता येईल, वळता येईल, बस्स, एवढीच जागा. बाहेर काढायचं ते फक्त शी-शूसाठी, तेही पोटाखालून टॉवेल घालून, मागचं धड उचलून धरून. फुटलेल्या गादीचं कवच भरून यायला वेळ लागतो, तेवढ्यात त्यानं एक उडी मारली की उरलेला गर बाहेर. पण हे गल्लीला कोण सांगणार? येणारा प्रत्येक जण पिंजरा बघायचा आणि च्यक् च्यक् करायचा. सेक्रेटरीणबाई तर भिशीत सगळ्यांसमोर म्हणाल्या, "आधीच बिचारं अपंग, त्यात कोंडून घातलंय. माणुसकी म्हणून काही आहे का?" वहिनी समोरच होत्या. हातातली बशी खाली ठेवली आणि उठून गेल्या. उपवासाची कचोरी होती, तीसुद्धा टाकून.

टाकीजवळच्या काकूंचं वेगळंच. "महानारायण तेल कोमट करून चोळा, आणि चालवा त्याला, नाहीतर रक्त साकळेल." वहिनी रोज "हो, हो" म्हणायच्या आणि काही करायच्या नाहीत. मग एक दिवस वहिनी मंडईत गेल्या होत्या, सासूबाईंचा डोळा लागलेला, आणि काकूंनी स्वतःच कडी काढली! तेलाची वाटी घेऊन व्हरांड्यात, "चल रे राजा, चल, ऊठ..." हा बिचारा पेढ्याच्या आशेनं पुढचे पाय टेकून धडपडतोय, मागचे घसरतायत. आणि फाटकात वहिनी. हातातली पिशवी गळून पडली, टोमॅटो रस्ताभर. एक शब्द बोलल्या नाहीत. छातीखाली एक हात, ढुंगणाखाली एक हात, पाठ सरळ ठेवून उचलला आणि आत ठेवला. मग काकूंकडे वळून म्हणाल्या, "तुमचं प्रेम आहे हे कळतं मला. पण तुमच्या प्रेमानं हा जन्मभर असाच राहील." काकूंचा चेहरा इतका उतरला की मलाच कसंतरी झालं. त्या दिवसापासून पिंजऱ्याला कुलूप, आणि किल्ली वहिनींच्या मंगळसूत्रात.

नानांचं तर विचारूच नका. ते एके काळी कंपाउंडर होते ना, म्हणजे त्यांना सगळं येतं! गुडघ्याची स्वतःची गोळी घेऊन आले, म्हणे पाव तुकडा द्या, माणसाला चालते ती कुत्र्याला न चालायला काय झालं. वहिनींनी तिथल्या तिथं डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. डॉक्टर कडाडले, "आधीच सूज उतरवायचं औषध चालू आहे, त्यावर ही गोळी गेली तर पोटात जखम होऊन आतल्या आत रक्त जाईल. माणसांची वेदनाशामकं कुत्र्याला द्यायची नाहीत, पाव नाही नि चिमूटही नाही." आणि वर हेही ऐकवलं की नानांच्या गोळीत जे डायक्लोफिनॅक असतं, ते गुरांना टोचायचे म्हणून त्या गुरांचं मढं खाऊन देशातली गिधाडं संपायला आली, आणि २००६ साली सरकारनं जनावरांसाठी ते बंद केलं. नाना गोळीकडे बघतायत, गोळी नानांकडे. म्हणाले, "माझ्या गोळीनं गिधाडं?" आणि ती खिशात घालून निघून गेले. दोन दिवस पारावर आले नाहीत.

बरं, पण तुम्हाला गंमत सांगायची राहिली ती मिस्टरांची. ट्रेझरीतून रिटायर झालेला माणूस, घरात स्वतःचा पाण्याचा ग्लास कधी उचलून ठेवला नाही. त्यानं काय करावं? कुत्र्याची लघवी काढायची! अहो हसता काय, खरं सांगते. कंबरेतून गेलं की लघवीची पिशवी आपण होऊन रिकामी होत नाही. सुरुवातीला अंथरूण सारखं ओलं व्हायचं, तर सगळ्यांना वाटलं, चला, करतोय म्हणजे. डॉक्टर म्हणाले, छे, ती काठोकाठ भरून सांडतेय. तशीच राहिली तर पिशवी सैल पडते, जंतू होतात, मूत्रपिंडापर्यंत जातं. मग दिवसातून तीन-चार वेळा दाबून काढायची. वहिनींच्या हातात संधिवात, त्यांना जमेना. मिस्टर पुढे झाले.

शिकवलं डॉक्टरांनीच. त्याला गुडघ्यांच्या मध्ये धरायचं, दोन्ही तळहात पोटाच्या दोन बाजूंनी मागच्या पायांच्या पुढे, चाचपून पिशवी हाताला लागली की सावकाश, सारख्या जोरानं मागच्या बाजूला दाबत न्यायचं. बोटं खुपसायची नाहीत, तो पोट ताठ करत असेल तर जबरदस्ती करायची नाही. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी झालं ते यांच्या धोतरावर. पण तिसऱ्या दिवसापासून जो हात बसला! भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर वेळा लिहायला लागले, रंग फिका, रंग गडद, वास आहे, वास नाही. ट्रेझरीचं वळण ते, खातं चोख. एकदा वासावरून यांनाच आधी संशय आला, आणि तपासलं तर खरंच जंतू निघाले. संध्याकाळी सासूबाई देवापुढून ओरडून विचारायच्या, "झाली का रे त्याची?" हे आतून, "झाली हो आई, भरपूर!" शुभंकरोती चाललेलं असायचं, बरं का.

बाकी सेवा सासूबाईंची. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर कुल्ल्याच्या हाडाला जखम होते, आणि ती एकदा झाली की भरता भरत नाही. त्यांनी आपल्या नऊवारीच्या जुन्या गोधड्या काढून दिल्या! सोवळंओवळं पाळणारी बाई! वहिनींनी विचारलं तर म्हणे, "दत्ताच्या पायाशी बसतंय ते, माझ्या गोधडीवर बसलं तर काय बिघडलं?" आता हे दत्तमहाराज त्यांना उंबऱ्याच्या वेळी का नाही आठवले, पण जाऊ दे, आपण कशाला बोला. झोपण्याआधी प्रत्येक पाय धरून हळूहळू दुमडायचा, सरळ करायचा, सायकल चालवल्यागत, म्हणजे सांधे आखडत नाहीत. ते करताकरता त्या हरिपाठ म्हणायच्या.

आता सगळ्यात मोठं ऐका. कोणीतरी तक्रार केली! कोणी ते मी सांगत नाही. तुम्ही वर गच्चीकडे बघू नका बरं, कळेल त्यांना. प्राण्यांचं काम करणारी एक मुलगी स्कूटीवरून आली. कायदाच आहे १९६० चा, प्राण्याला हालता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात कोंडणं म्हणजे क्रूरता. मागोमाग योगायोगानं सेक्रेटरीणबाईसुद्धा हजर, योगायोगानं बरं! मुलीनं पिंजरा बघितला, खाली बसली, पडवळाच्या अंगाखाली हात घातला. गोधडी कोरडी. कुल्ले बघितले, जखम नाही. मग विचारलं, "ब्लॅडर कोण रिकामं करतं?" मिस्टर शाळेतल्या मुलासारखा हात वर करून, "मी." तिनं कालनिर्णय मागितलं. वाचलं. डॉक्टरांची चिठ्ठी वाचली. आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाली, "असली कुत्री लोक रस्त्यावर सोडून देतात, आम्हाला उचलून आणावी लागतात. त्या कायद्यात सोडून देणं हाही गुन्हाच आहे. इथं पिंजरा हेच औषध आहे. तुमच्यापैकी कोणाला मदत करायची असेल तर त्याला उठवू नका आणि खायला घालू नका." सेक्रेटरीणबाईंनी घड्याळ बघितलं. म्हणाल्या, "गॅसवर कुकर आहे माझा." मुलगी जाताना मिस्टरांना नमस्कार करून गेली. त्या दिवशी तो माणूस दोन वेळा जेवला.

मग काय, शेपूट. आधी शेपूटच हलते म्हणे, पायांच्या आधी. आणि हलली कोणासाठी? वहिनींनी जीव काढला, मिस्टरांनी हिशोब ठेवला, आणि शेपूट हलली सासूबाईंनी "हडत मेल्या" म्हटल्यावर! वहिनींना जरा लागलंच ते, मला दिसलं. पण हसल्या.

पुढचं लवकर झालं. पिंजऱ्याची मुदत संपल्यावर डॉक्टरांच्या परवानगीनं नातवाच्या बाळपणच्या टबात कोमट पाणी, पोटाखाली हात, पाण्यात पाय मारायला लावायचा. वजन पाण्यावर गेलं की पाय आपण होऊन हलतात. मग अंगणातल्या गवतावर टॉवेलच्या आधारानं चार पावलं. पंजा उलटा पडायचा, बोटांच्या पाठीवर चालायचा, नखं घासून रक्त यायचं, म्हणून बाळाचे मोजे चढवले. तो पंजा आपला आपण सरळ करणं, ते सगळ्यात शेवटी येतं. अजूनही दमला की डावा पाय वाकडा पडतोच, आणि मागचं धड जरा झोकांड्या खातं. पण स्कूटर कशी बरोबर सापडली बघा!

काकूंशी वहिनींचं परवा हळदीकुंकवाला मिटलं. काकू म्हणाल्या, "माझ्या तेलाचा एक दिवस तरी गुण आलाच ना." वहिनी म्हणाल्या, "आला की." आता त्यावर मी काय बोलणार.

पेढे बंद, गाजर आणि काकडी सुरू. दिवाणाला तक्के आडवे लावलेत, जिन्याला फळी. गळ्यातला पट्टा गेला, छातीचा आला. ऑपरेशन केलं असतं तर लवकर उठला असता का, असं मिस्टरांनी डॉक्टरांना विचारलं म्हणे. डॉक्टर म्हणाले, बहुतेक हो, आणि पुन्हा झालं तर या वेळेला पुण्याचाच विचार करा, कारण दुसरी गादी कधी जाईल सांगता येत नाही. मिस्टरांनी पोस्टात वेगळं खातं काढलंय त्यासाठी. सासूबाईंनी त्यात आपल्या पेन्शनमधले घातले, हे मात्र कोणाला सांगू नका, मला त्यांच्या कामवालीनं सांगितलं.

हां, आणि तुमच्याकडे ती योगाची मॅट पडून आहे ना, सुनेनं आणलेली, दोन दिवस केलेली? ती द्या त्यांना. त्यांच्या हॉलची फरशी भारी गुळगुळीत आहे, पाय घसरतात त्याचे. आणि तुमचा नातू शनिवारी आला की त्याला आधी सांगून ठेवा, पुढच्या पायांना धरून उचलायचा नाही आणि खिशातलं काही द्यायचं नाही.